‘सगळेच पितात’ या समजुतीविषयी : प्राचार्य, वसतिगृहप्रमुख आणि विद्यार्थी कल्याण समित्यांना खुले पत्र

सन्माननीय प्राचार्य, वसतिगृहप्रमुख आणि विद्यार्थी कल्याण समित्यांचे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी शिस्तीच्या नियमांचा मसुदा तुमच्यासमोर येतो आणि त्यात मद्यपानाविषयीचे एक कलम ठरलेले असते. त्या कलमात दारू प्यायलेला विद्यार्थी असतो, त्याला व्हायची शिक्षा असते, पालकांना पाठवायचे पत्र असते. मात्र तो ज्यांच्या सोबतीने प्यायला ती मंडळी, तो प्रसंग, ती खोली आणि त्याच्या मनातली समजूत यांचा कुठे उल्लेख नसतो. मी महाविद्यालयात शिकवते आणि शिस्तपालन समितीवरही काम केले आहे. अशा बैठकांमध्ये ‘तू का प्यायलास?’ हा प्रश्न हटकून विचारला जातो. पहिला पेला कोणी पुढे केला, नको म्हटले असते तर काय झाले असते असे तुला वाटले, आजूबाजूचे किती जण पितात असा तुझा अंदाज होता, हे प्रश्न क्वचितच कोणी विचारते. विद्यार्थ्यांच्या पिण्याचे कारण पुष्कळदा याच न विचारलेल्या प्रश्नांत सापडते, आणि त्या उत्तरांवर काही करण्याचे अधिकार तुमच्या हाती आहेत, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहीत आहे.

मद्याचे दुष्परिणाम मी मुळीच कमी लेखत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे २६ लाख मृत्यू मद्यामुळे झाले, आणि माणसाला कर्करोग होण्यास निश्चितपणे कारणीभूत ठरणाऱ्या घटकांच्या यादीत मद्य १९८८ पासून आहे. विद्यार्थ्याला यांहून जवळचे धोके असतात : वाहनाचा अपघात, मारामारी, लैंगिक अत्याचार, हातची गेलेली परीक्षा, एका रात्रीत अति प्यायल्याने झालेली विषबाधा. धोके एवढे मोठे आहेत म्हणूनच आपण केवळ कठोर दिसणाऱ्या उपायांवर समाधान मानू नये, असे मला वाटते.

या वयातले पिणे बहुतांशी एकट्याचे नसते. ब्रायन बोरसारी आणि केट कॅरी या संशोधकांनी २००१ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन सोबत्यांचा प्रभाव तीन वाटांनी पोहोचतो असे मांडले. पहिली वाट उघड आग्रहाची. ‘एकच घे’, ‘आज तरी नाही म्हणू नकोस’ इथपासून ते थट्टा, पैज आणि नवागतांवरच्या सक्तीपर्यंत तिची अनेक रूपे आहेत आणि ती आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत. दुसरी वाट अनुकरणाची, आणि ती पिणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. १९७५ मध्ये बॅरी कॉडिल आणि ॲलन मार्लॅट यांनी काही तरुणांना वाइनची चव पारखण्याच्या निमित्ताने बोलावले आणि सोबतीला आपलाच एक माणूस बसवला. तो माणूस भराभर पिऊ लागला की शेजारचा तरुणही जास्त पीत असे. तो बेताने प्यायला की तरुणाचे पिणेही आटोक्यात राहत असे. कोणी कोणाला आग्रह केला नव्हता. पार्टीत बसलेला विद्यार्थी ‘मला कोणी भरीस घातले नाही, मी माझ्या मर्जीने प्यायलो’ असे प्रामाणिकपणे सांगतो, तेव्हा त्याच्या मर्जीत शेजारच्याच्या हाताचा वेग मिसळलेला असतो.

तिसरी वाट समजुतीची आहे आणि माझ्या पत्राचा मुख्य विषय तोच आहे. १९८६ मध्ये वेस्ली पर्किन्स आणि ॲलन बर्कोविट्झ यांनी अमेरिकेतील एका छोट्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना दोन गोष्टी विचारल्या : पिण्याविषयी तुमचे मत काय, आणि इथल्या इतर विद्यार्थ्यांचे मत काय असेल असे तुम्हाला वाटते. दोन उत्तरांत मोठी तफावत निघाली. बहुतेकांचे स्वतःचे मत संयमाचे होते, पण इतर सगळे आपल्यापेक्षा पुष्कळ मोकळे आहेत असे त्यांनी गृहीत धरले होते. पुढे अनेक ठिकाणी केलेल्या पाहण्यांत हाच प्रकार पुन्हापुन्हा आढळला. विद्यार्थी आपल्या सोबत्यांच्या पिण्याचा अंदाज चढाच करतात आणि तो चढा अंदाज जितका मोठा, तितके त्यांचे स्वतःचे पिणे जास्त असण्याची शक्यता वाढते.

ही चूक कशी घडते हे समजून घेण्यासारखे आहे. वसतिगृहाच्या मजल्यावर रात्री दहा वाजता अभ्यास आटोपून झोपी गेलेल्या मुलाची दुसऱ्या दिवशी चर्चा होत नाही. जिन्यात ओकारी केलेल्या मुलाची होते, आठवडाभर होते, आणि ती सांगताना हशा पिकतो. जे दिसते आणि सांगितले जाते त्यावरूनच माणूस सर्वसामान्य काय ते ठरवतो. जे शांतपणे घडते ते मोजणीत येत नाही. त्यात आता मोबाइलवरच्या छायाचित्रांची भर पडली आहे. हातात ग्लास असलेले हसरे छायाचित्र सगळ्यांपर्यंत पोहोचते, पण त्याच संध्याकाळी घरी थांबलेल्या विद्यार्थ्याचे छायाचित्र कोणी काढतच नाही. शिवाय अस्वस्थ वाटणारे विद्यार्थी पार्टीत हसून वेळ मारून नेतात. प्रत्येकाला स्वतःच्या मनातली धास्ती ठाऊक असते, दुसऱ्याचा मात्र चेहरा तेवढा दिसतो, आणि तो चेहरा निर्धास्त असतो. प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेन्टिस आणि डेल मिलर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमके हेच दिसले : तिथल्या पिण्याच्या रिवाजाविषयी आपल्यालाच तेवढे अवघडल्यासारखे होते, बाकीच्यांना काही वाटत नाही, असे सर्वसाधारण विद्यार्थ्याचे मत होते. अधिक काळजीची गोष्ट अशी की एकाच सत्राच्या काळात मुलांची मते त्या कल्पित बहुमताच्या दिशेने सरकली. मुलींची तशी सरकली नाहीत. जे बहुमत अस्तित्वातच नव्हते, त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी तरुण मुले स्वतःला बदलत होती, हे वाचून शिक्षक म्हणून मी अस्वस्थ झाले.

आता मला तुमच्या, म्हणजे आपल्या, वाट्याविषयी बोलायचे आहे. स्वागत समारंभात आपण व्यासपीठावरून सांगतो की तरुण पिढी व्यसनांच्या विळख्यात सापडली आहे. सूचनाफलकावर आपण रिकाम्या बाटल्यांची चित्रे लावतो. हेतू चांगला असतो, परंतु समोर बसलेला अठरा वर्षांचा विद्यार्थी त्यातून एकच माहिती घेऊन जातो, ती ही की इथे सगळे पितात. हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयातील हेन्री वेक्सलर यांनी १९९३ मध्ये अमेरिकेतील १४० महाविद्यालयांची पाहणी केली. गेल्या दोन आठवड्यांत एका बैठकीत मुलांच्या बाबतीत ५ किंवा अधिक आणि मुलींच्या बाबतीत ४ किंवा अधिक पेये घेतलेल्यांचे प्रमाण त्यात ४४ टक्के निघाले. हा आकडा गंभीर होता आणि तो गाजला ते योग्यच झाले. पण उरलेले ५६ टक्के विद्यार्थी त्या चर्चेत कुठेच नव्हते. त्यांत न पिणारे होते, बेताने पिणारेही होते, आणि आपण बहुसंख्य आहोत हे त्यांना कोणी सांगितले नाही.

मग आकड्यांचे फलक लावले की काम झाले का? दुर्दैवाने एवढे सोपे नाही. ‘आपल्या इथले बहुसंख्य विद्यार्थी बेतानेच पितात किंवा पीत नाहीत’ अशा आशयाच्या मोहिमा नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठापासून अनेक ठिकाणी झाल्या. तिथे समजूत सुधारली आणि पिणेही घटले. नंतर मात्र वेक्सलर यांच्याच २००३ मधील देशव्यापी तुलनेत अशा मोहिमा राबवणाऱ्या महाविद्यालयांत पिणे कमी झाल्याचे दिसले नाही, आणि अनेक महाविद्यालयांत एकाच वेळी केलेल्या दोन प्रयोगांपैकी एकात परिणाम आढळला, दुसऱ्यात आढळला नाही. फलकावरच्या आकड्यावर विद्यार्थी सहजासहजी विश्वास ठेवत नाहीत, हे त्यामागचे एक कारण असावे असे मला वाटते. शेजारी बसलेल्या मित्राच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टीचे वजन वेगळे असते. ख्रिस्तीन श्रोडर आणि प्रेन्टिस यांनी १९९८ मध्ये याचाच प्रयोग केला. नव्या विद्यार्थ्यांच्या काही गटांत जबाबदारीने निर्णय कसा घ्यावा यावर चर्चा झाली. इतर गटांत सगळे जण एकमेकांविषयी कसा गैरसमज करून घेतात यावर. काही महिन्यांनी पाहिले तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या गटांतले विद्यार्थी कमी पीत होते.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की प्रवेशाच्या वेळी मोठ्या सभागृहातले व्याख्यान कमी करा आणि त्याऐवजी दहाबारा जणांच्या गटांत, प्रशिक्षित ज्येष्ठ विद्यार्थी किंवा समुपदेशक यांच्या उपस्थितीत, अशा चर्चा घडवून आणा. त्यासाठी आधी आपल्याच महाविद्यालयात नाव न विचारता पाहणी करा; दुसरीकडचे आकडे आणून दाखवू नका. पाहणीत बहुसंख्य पितात असे निघाले तर तेही लपवू नका, कारण विद्यार्थी फसवणूक लगेच ओळखतात. अशा वेळी त्यांची मते पुढे आणा. आग्रह झालेला किती जणांना आवडत नाही, मित्राला बेशुद्ध पडेपर्यंत पिऊ देणे किती जणांना चूक वाटते, हे आकडे जवळजवळ नेहमीच त्यांच्या अंदाजाहून वेगळे निघतात.

दुसरी गोष्ट खोल्यांच्या वाटपाची. मित्रांच्या सवयी सारख्या असतात याचे कारण संगत की निवड, हा वाद जुना आहे. पिणारा पिणाऱ्यांचीच संगत शोधतो असे म्हणून आपण पुष्कळदा विषय संपवतो. मायकेल क्रेमर आणि डॅन लेव्ही यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा वाद टाळता आला, कारण त्या विद्यापीठात खोलीतले सोबती चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कोणत्याही निवडीविना ठरले होते. महाविद्यालयात येण्याआधीपासून पिणारा सोबती ज्या मुलांच्या वाट्याला आला, त्यांची गुणांची सरासरी चार गुणांच्या मोजपट्टीवर सुमारे पाव गुणाने खाली गेली, आणि जी मुले स्वतःही आधीपासून पीत होती त्यांना याचा फटका जास्त बसला. मुलींमध्ये असा परिणाम दिसला नाही. अशाच रीतीने ठरलेल्या सोबत्यांच्या आधीच्या एका अभ्यासातही शाळेत असताना भरपूर पिणारी दोन मुले एका खोलीत आली की त्यांचे पिणे लक्षणीय वाढले होते.

यातून न पिणाऱ्यांसाठी वेगळा मजला ठेवण्याची कल्पना लगेच सुचते, आणि ज्यांना तो हवा आहे त्यांना तो जरूर मिळावा. मात्र त्याची दुसरी बाजू विसरू नये. न पिणारे सगळे एका बाजूला काढले की पिणारे सगळे दुसऱ्या बाजूला एकत्र येतात, आणि वर सांगितलेल्या अभ्यासांनुसार सर्वाधिक नुकसान तिथेच होते. वेगळा मजला हा ज्याला शांतता हवी आहे त्याचा हक्क समजावा, पिण्याच्या प्रश्नावरचा संपूर्ण उपाय समजू नये. अर्जात झोपेच्या वेळा, अभ्यासाची सवय आणि खोलीत मद्य चालेल की नाही, एवढे साधे प्रश्न विचारले आणि वाटप करताना ते खरोखर वाचले, तरी पुष्कळ फरक पडेल. शिक्षा झालेल्या दोन विद्यार्थ्यांना सोयीसाठी एकाच खोलीत टाकण्याची पद्धत तर तातडीने थांबवावी.

प्रवेशानंतरचे पहिले सहा आठवडे सर्वांत नाजूक मानले जातात. घर सुटलेले असते, जुने मित्र दूर असतात, आणि कोणत्या तरी गटात सामावून घेतले जाण्याची ओढ इतर सर्व विचारांवर मात करते. या काळात नवा विद्यार्थी पेला नाकारत नाही याचे कारण बहुधा तहान नसते. नकार दिला तर उद्या जेवायला कोणासोबत बसायचे, हा प्रश्न असतो. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचे १९५१ चे प्रयोग तुम्हाला परिचित असतील : डोळ्यांना स्पष्ट दिसणाऱ्या रेषांच्या लांबीबद्दलही, गटातले सगळे एकमताने चुकीचे उत्तर देत असतील तर, सुमारे एकतृतीयांश वेळा माणसे तेच चुकीचे उत्तर देत. पण गटात एक जरी बरोबर उत्तर देणारा असला की हे प्रमाण एकदम घसरे. यातला हा शेवटचा भाग आपल्या उपयोगाचा आहे. नवागतांच्या प्रत्येक गटात, प्रत्येक स्वागत कार्यक्रमात, सहजपणे नको म्हणणारा एक तरी ज्येष्ठ विद्यार्थी असावा, आणि तो सोवळा उपदेशक नसावा. सगळ्यांना हवाहवासा वाटणारा, खेळात किंवा नाटकात पुढे असलेला असावा. विद्यार्थी प्रतिनिधी आणि संघांचे कर्णधार निवडताना ही गोष्ट ध्यानात घेता येईल. नवागतांच्या ‘स्वागता’च्या नावाखाली होणाऱ्या सक्तीच्या पिण्याला मात्र रॅगिंगच समजावे आणि त्याबाबत कोणतीही सवलत देऊ नये.

वेळापत्रकाकडेही या दृष्टीने पाहायला हवे, कारण ते सर्वस्वी तुमच्या हाती आहे. फिलिप वुड, केनेथ शर आणि पॅट्रिशिया रटलेज यांनी २००७ मध्ये दाखवले की ज्या विद्यार्थ्यांना शुक्रवारी तास नव्हता किंवा उशिरा होता, ते गुरुवारी रात्री सकाळचा तास असलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट पीत होते. साप्ताहिक सुट्टीला जोडून मोकळा दिवस देणे शिक्षकांनाही सोयीचे वाटते, हे मला ठाऊक आहे. तरीही त्या सकाळी एखादा प्रात्यक्षिकाचा किंवा चाचणीचा तास ठेवणे, ग्रंथालय आणि क्रीडागृह रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवणे, यांसाठी फार मोठा खर्च लागत नाही. आज रात्री नऊनंतर आपण सगळे दरवाजे बंद करतो आणि मित्रांसोबत बसायला ज्या जागा उरतात तिथे बहुधा बाटली असते.

पालकांना आपण तक्रारीपुरतेच बोलावतो. रॉबर्ट टुरिसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालय सुरू होण्याआधीच पालकांना या विषयावर मुलांशी कसे बोलावे याची पुस्तिका दिली, तेव्हा त्या मुलांचे पहिल्या सत्रातले पिणे इतरांपेक्षा कमी राहिले. मित्रांचा प्रभाव सुरू झाला की घरच्यांचा संपतो, ही समजूत खरी नाही. प्रवेशपत्रासोबत अशी चारपाच पानांची पुस्तिका पाठवावी, एवढेच सुचवते.

शेवटची विनंती सर्वांत निकडीची आहे. आपल्या शिक्षेची भीती हाही एक सामाजिक प्रभावच आहे, आणि तो सर्वांत वाईट क्षणी काम करतो. मित्र बेशुद्ध पडला की खोलीतली मुले घाबरतात. अधीक्षकांना कळवले तर सगळ्यांचीच नावे जातील, म्हणून त्याला पांघरूण घालून झोपवतात आणि सकाळपर्यंत उतरेल असे समजतात. शेवटचा पेला संपल्यावरही पोटातले मद्य रक्तात उतरत राहते, त्यामुळे झोपलेल्या माणसाची अवस्था आणखी बिघडू शकते. कॉफी, थंड पाण्याची आंघोळ किंवा चालवणे यांनी मद्याचा निचरा करण्याचे यकृताचे काम जलद होत नाही. हलवूनही जाग न येणे, श्वास मंद होणे किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून अधिक अंतर पडणे, त्वचा गार किंवा निळसर होणे, बेशुद्धीत उलटी होणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर तो वैद्यकीय तातडीचा प्रसंग असतो. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला कुशीवर वळवून ठेवायचे आणि एकटे सोडायचे नाही, हे प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असले पाहिजे.

कॉर्नेल विद्यापीठाने २००२ मध्ये मदत मागणाऱ्याला आणि ज्याच्यासाठी मदत मागितली त्याला शिस्तभंगाच्या कारवाईतून सूट देणारा नियम केला. त्यानंतर मदतीसाठी येणारे दूरध्वनी वाढले आणि अति पिण्याचे प्रमाण मात्र जवळपास पूर्वीइतकेच राहिले. सूट दिली तर मुले सोकावतील ही आपल्या बैठकांमध्ये बोलून दाखवली जाणारी शंका रास्त आहे, पण त्या अनुभवाने तिला दुजोरा मिळालेला नाही. या नियमामुळे समुपदेशन टळत नाही. रुग्णालयातून परतलेल्या विद्यार्थ्याने समुपदेशकाला भेटणे बंधनकारक ठेवावे, आणि मारहाण, अत्याचार किंवा रॅगिंग यांना ही सूट लागू करू नये.

तेव्हा यंदाच्या नियमावलीत, शिक्षेच्या कलमाच्या आधी, पुढील मजकूर घालावा आणि तो प्रत्येक खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावा, तसेच रात्रपाळीच्या अधीक्षकांना व सुरक्षारक्षकांना वाचून दाखवावा, अशी माझी विनंती आहे : ‘मद्यपानामुळे कोणाची प्रकृती बिघडली असेल तर त्वरित रुग्णवाहिका बोलवा आणि वसतिगृह कार्यालयाला कळवा. मदत मागणाऱ्यावर, तिथे थांबून साहाय्य करणाऱ्यांवर आणि त्या विद्यार्थ्यावर मद्यपानाबद्दल शिस्तभंगाची कारवाई केली जाणार नाही.’

आपली विश्वासू,
एक प्राध्यापिका